छायाप्रतीचा न्याय: एका निर्णयाची भाषिक आणि नैतिक चिकित्सा

१

पदव्युत्तर वर्गासाठी नेमलेला ग्रंथ विकत घेणे परवडत नाही, ग्रंथालयात त्याची एकच प्रत आहे आणि परीक्षा तर ठरलेल्या दिवशी होणारच आहे. अशा स्थितीत विद्यार्थी त्या ग्रंथाची छायाप्रत काढून घेतो. हे कृत्य चौर्य होय काय? विद्यापीठाच्या आवारात हा प्रश्न सहसा उघडपणे विचारला जात नाही. अध्यापक त्याकडे काणाडोळा करतात, ग्रंथपाल 'फक्त काही पाने' अशी ताकीद देऊन ग्रंथ स्वाधीन करतात, आणि फाटकाबाहेरील दुकानदाराला तर त्या ग्रंथाचे नावही वाचण्याची गरज पडत नाही. जी गोष्ट सर्वजण करतात व जिच्याविषयी कोणीच बोलत नाही, तिची मीमांसा करणे हे समीक्षेचे काम आहे.

भारतात या प्रश्नाची सविस्तर न्यायालयीन चर्चा एकदाच झाली: दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रत-खटल्यात. त्या खटल्यातील निर्णयांचा गौरव पुष्कळ झाला; त्यांची चिकित्सा, विशेषतः मराठीतून शिकणाऱ्या व शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने, फारशी झालेली नाही. कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या मका-कापसाच्या गावातून छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात येणाऱ्या विद्यार्थ्याचा पुस्तकांचा खर्च त्या वर्षीच्या पावसावर व कापसाच्या भावावर ठरतो. दिल्लीच्या निर्णयाने त्याला काय दिले व काय दिले नाही, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेस, केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला. प्रतिवादी दोन होते: दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस हे दुकान आणि दिल्ली विद्यापीठ. अभ्यासक्रमात नेमलेल्या वेगवेगळ्या ग्रंथांतील प्रकरणे एकत्र बांधून तयार केलेले 'कोर्स पॅक' हे दुकान विकते व त्यामुळे प्रताधिकाराचा भंग होतो, अशी तक्रार होती. विद्यापीठाने दुकानदाराला जागा देताना दर पानास ४० पैसे असा दर ठरवून दिला होता. विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या संघटना खटल्यात सामील झाल्या. अमर्त्य सेन यांच्यासह अनेक अभ्यासकांनी प्रकाशकांना दावा मागे घेण्याची विनंती केली. ज्यांच्या ग्रंथांतील पानांविषयी तक्रार होती अशा लेखकांपैकीही काहीजण विनंती करणाऱ्यांत होते, ही गोष्ट विशेष लक्षणीय आहे.

१६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती प्रदीप नंदराजोग आणि न्यायमूर्ती योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने त्यातील मुख्य तत्त्व कायम ठेवले. परंतु दोन बाबी पुराव्यासाठी मोकळ्या ठेवल्या. कोर्स पॅकमधील पाने अध्यापनाच्या प्रयोजनासाठी खरोखर आवश्यक होती काय, ही एक. आणि संपूर्ण पुस्तकांच्या छायाप्रतींचे काय, ही दुसरी. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. मे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका परवानासंस्थेची याचिका फेटाळली आणि प्रकरण संपले.

येथे एक महत्त्वाची गोष्ट निसटली आहे. संपूर्ण ग्रंथाच्या प्रतीचा प्रश्न न्यायालयाने सोडवलेला नाही. तो अनुत्तरितच राहिला. 'दिल्लीच्या निकालाने सर्व छायाप्रती वैध ठरवल्या' ही जी समजूत विद्यापीठांत रूढ झाली आहे, तिला निर्णयात आधार नाही.

३

निर्णयाचा कणा म्हणजे प्रताधिकार अधिनियम, १९५७ यातील कलम ५२ चा एक उपखंड. अध्यापकाने किंवा विद्यार्थ्याने 'इन द कोर्स ऑफ इन्स्ट्रक्शन' केलेले पुनरुत्पादन हा प्रताधिकाराचा भंग नव्हे, असे तो म्हणतो. सगळा वाद या चार-पाच शब्दांच्या अर्थाभोवती फिरला. म्हणून भाषेच्या अभ्यासकाला तो विशेष उद्बोधक आहे.

मराठीत या शब्दसंहतीची दोन भाषांतरे संभवतात. 'शिकवण्याच्या ओघात' असे म्हटले तर अर्थ संकुचित होतो: वर्ग चालू आहे, अध्यापकाने फळ्यावर उतारा लिहिला, विद्यार्थ्याने तो वहीत उतरवला. 'अध्यापनक्रमात' असे म्हटले तर अर्थ विस्तारतो: अभ्यासक्रम आखण्यापासून परीक्षेपर्यंतचे सर्व सत्र त्यात सामावते. प्रकाशकांची भिस्त पहिल्या अर्थावर होती. न्यायालयाने दुसरा स्वीकारला. आणि तो योग्यच होता. शिकवणे ही क्रिया तासाच्या घंटेबरोबर सुरू होऊन घंटेबरोबर संपणारी नाही. पूर्वतयारीचे वाचन, चर्चा, टाचण, उजळणी हे सर्व तिचे घटक आहेत. विधिमंडळाला केवळ व्याख्यानाचा तास अभिप्रेत असता, तर तसा शब्द वापरणे त्याला कठीण नव्हते.

कर्त्याविषयीही असाच वाद झाला. अधिनियमात 'एक अध्यापक', 'एक विद्यार्थी' अशी एकवचने आहेत. मग विद्यापीठ किंवा दुकानदार त्यांत कसे बसतात? एकवचनात अनेकवचन अंतर्भूत असते, हा अर्थनिर्णयाचा रूढ नियम न्यायालयाने लावला. येथपर्यंत अडचण नाही. परंतु दुकानदाराचे कर्तृत्व हा वचनाचा प्रश्न नाही, कारकाचा आहे. विद्यार्थी कर्ता व दुकानदार करण, अशी वाक्यरचना न्यायालयाने मनात धरली: लेखणीने लिहिले तरी लिहिणारा लेखणी नव्हे, तसे. ज्या पानांची यादी अध्यापकाने दिली व ज्यांचा दर विद्यापीठाने ठरवला, त्यांच्यापुरती ही रचना मान्य होण्यासारखी आहे. पण जो दुकानदार मागणीची वाट न पाहता परीक्षेच्या हंगामात संपूर्ण ग्रंथाच्या बांधीव प्रती रचून ठेवतो, तो करण राहत नाही. तो स्वतंत्र कर्ता होतो. हीच गोष्ट, ग्रंथाची संगणकीय प्रत तयार करून हजारो अनोळखी लोकांच्या समूहात सोडणाऱ्यालाही लागू पडते. तेथे अध्यापकही नाही, विद्यार्थीही नाही आणि अध्यापनाचा ओघही नाही. निर्णयाच्या भाषेत या दोन कर्त्यांमधील भेद पुरेसा स्पष्ट झालेला नाही, हा त्याचा पहिला उणेपणा होय.

४

न्यायमूर्ती एंडलॉ यांच्या विवेचनातील सर्वांत प्रभावी भाग हाताने उतरवून घेण्याच्या दाखल्याचा आहे. ग्रंथालयात बसून विद्यार्थ्याने हाताने पाने उतरवली तर तो गुन्हा नव्हता. मग तेच काम यंत्राने केल्यावर ते गुन्हा का ठरावे? हा युक्तिवाद मराठी मनाला तत्काळ पटतो; कारण त्याच्या मागे मराठी ग्रंथसंस्कृतीचा दीर्घ इतिहास उभा आहे.

या इतिहासाची साक्ष शब्दच देतात. दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून मिरवण्याला मराठीत 'वाङ्मयचौर्य' हा जोरकस शब्द आहे. लेखकाचे नाव कायम ठेवून त्याच्या ग्रंथाची अनधिकृत प्रत काढण्याला मात्र असा रूढ शब्द नाही. 'पायरसी' हा उसनाच घ्यावा लागतो आणि 'चाचेगिरी' म्हणावे तर समुद्र व गलबते डोळ्यांपुढे येतात. पोथी 'उतरवून घेतात', झेरॉक्स 'काढतात'. या क्रियापदांना निंदेचा स्पर्शही नाही. हस्तलिखितांच्या काळात प्रत करणे हे पुण्यकर्म होते. पोथीच्या शेवटी लेखनिक शक, तिथी व आपले नाव नोंदवी आणि तेल, पाणी, सैल बांधणी व मूर्खाचा हात यांपासून पोथी जपावी अशी विनवणी करी. कोणी तिची प्रत करू नये असे तो सहसा म्हणत नसे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. त्यांनी निषेध केला तो तिच्यात स्वतःची ओवी घुसडण्याचा. उतरवून घेण्याला त्यांचा आक्षेप नव्हता. याला लक्षणीय अपवाद महानुभाव पंथाचा. 'सकळ', 'सुंदरी' आदी सांकेतिक लिप्यांत ग्रंथ लिहून त्या पंथाने ते बाहेरच्यांच्या दृष्टीआड ठेवले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदींच्या परिश्रमांनी ते वाङ्मय अभ्यासकांना खुले झाले. पण तेथेही रक्षण होते ते रहस्याचे. मोबदल्याचा प्रश्न त्यात नव्हता.

असे असले तरी या परंपरेचा आधार घेऊन आजच्या छायाप्रतीला सरसकट पुण्यकर्म ठरवणे हा तर्कदोष होईल. त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, हाताने उतरवण्यात श्रम हीच मर्यादा होती. बोटे दुखू लागली की विद्यार्थी थांबे, आणि म्हणून आवश्यक तेवढेच उतरवी, उतरवताना वाचीही. यंत्राने ही नैसर्गिक मर्यादा काढून टाकली. तिच्या जागी दुसरी मर्यादा न्यायालयाने घालून दिली पाहिजे होती. त्याने 'प्रयोजनाला आवश्यक तितके' एवढेच म्हटले आणि पानांचे कोणतेही प्रमाण ठरवण्याचे नाकारले. ज्या अभ्यासपत्रिकेत संपूर्ण ग्रंथच नेमलेला आहे, तेथे या सूत्राने संपूर्ण ग्रंथाची प्रतही आवश्यक ठरते. म्हणजे मर्यादा उरतच नाही. दुसरे कारण असे की, हस्तलिखितात प्रत्येक प्रतीचा खर्च जवळजवळ सारखा होता आणि तो प्रत करणारा किंवा करवून घेणारा स्वतः सोशी. मुद्रणात पहिल्या प्रतीचा खर्च अवाढव्य असतो: संपादन, भाषांतर, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, सूची. पुढील प्रत्येक प्रतीच्या किमतीत त्याचा अंश वसूल व्हावा लागतो. छायाप्रत काढणारा हा अंश देत नाही. कोणी तरी तो दिलेला असतो म्हणूनच त्याला प्रत मिळते.

५

मग तोटा कोणाचा होतो? या प्रश्नाचे न्यायालयाने दिलेले उत्तर दिल्लीच्या संदर्भात बरोबर होते. एका अभ्यासपत्रिकेसाठी पस्तीस-चाळीस इंग्रजी ग्रंथांतील एकेक प्रकरण नेमलेले असेल, तर विद्यार्थी ते सर्व ग्रंथ विकत घेईल ही कल्पनाच अवास्तव आहे. छायाप्रत मिळाली नाही तर तो ग्रंथालयात बसेल किंवा न वाचता परीक्षेला जाईल. दुकानात जाणार नाही. जे गिऱ्हाईक कधी होणारच नव्हते, ते गमावल्याची तक्रार प्रकाशकाला करता येत नाही.

मराठी विभागातील स्थिती याच्या नेमकी उलट आहे. येथे नेमलेले ग्रंथ थोडे असतात. त्यांतील एखादी कादंबरी, एखादा व्याकरणग्रंथ, एखादे भाषाविज्ञानाचे पुस्तक संपूर्ण वाचायचे असते. आणि त्यांची किंमत विद्यार्थ्याला जड असली तरी आवाक्याबाहेर असतेच असे नाही. मराठी शास्त्रीय ग्रंथाची आवृत्ती सामान्यतः पाचशे ते हजार प्रतींची. ती संपण्यास वर्षे लागतात आणि तिचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे हेच विद्यार्थी व त्यांची महाविद्यालये. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाने एका प्रतीवरून साठ छायाप्रती काढल्या, तर त्या लहानशा आवृत्तीचा मोठा भाग तसाच पडून राहतो आणि प्रकाशक दुसरी आवृत्ती काढत नाही. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्याला मग विकत घ्यायचे म्हटले तरी ग्रंथ मिळत नाही. त्याला छायाप्रतीची छायाप्रत काढावी लागते. ज्या जगद्व्यापी संस्थेने दावा लावला तिचा पिशोरच्या विद्यार्थ्यामुळे काहीही तोटा होत नाही. ज्या लहान मराठी प्रकाशकाला दावा लावण्याची ऐपत नाही त्याचा होतो. निर्णयाचे सूत्र दोघांना एकाच मापाने मोजते, हा त्याचा दुसरा आणि अधिक गंभीर उणेपणा होय.

यावरून असे दिसते की, कृत्याचे नैतिक मूल्य 'प्रत काढली की नाही' यावरून ठरत नाही. पुढील भेद करावे लागतात. ग्रंथाचा प्रताधिकार संपला असेल तर प्रश्नच उद्भवत नाही. मोरो केशव दामले यांचे १९११ चे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' मुक्त आहे; मात्र कृ. श्री. अर्जुनवाडकर यांनी संपादिलेल्या आवृत्तीतील प्रस्तावना व टीपा त्यांच्या स्वतंत्र श्रमाचे फळ असून त्या मुक्त नाहीत. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे ही कायद्याची मुदत आहे. त्यामुळे १९६४ मध्ये निवर्तलेल्या कृ. पां. कुलकर्णी यांचे लेखन २०२५ च्या प्रारंभापासून सर्वांचे झाले, तर १९८९ मध्ये निवर्तलेल्या ना. गो. कालेलकर यांचे लेखन २०४९ अखेर संरक्षित राहील. ग्रंथ संरक्षित आहे पण बाजारात नाही, अशा वेळी छायाप्रतीने कोणाची विक्री बुडत नाही. ती न काढण्याने मात्र ज्ञानाचे नुकसान होते. ग्रंथ बाजारात आहे परंतु त्याची किंमत परदेशी चलनाच्या हिशेबाने ठेवलेली आहे, तेथे आवश्यक प्रकरणांची प्रत सदोष म्हणता येत नाही. आणि जो मराठी ग्रंथ विक्रीस आहे, ज्याची किंमत वर्गातील चार-पाच विद्यार्थ्यांनी वर्गणी केल्यास सहज जमते, त्याची संपूर्ण प्रत काढणे हे अन्याय्य आहे. तेथे दारिद्र्याचे कारण पुढे करणे हे बहुधा सोयीचे असते. ऐपत असणाऱ्याने दरिद्र्याच्या नावाने सवलत घेणे, हा या व्यवहारातील सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित दोष आहे.

६

तथापि सगळा भार विद्यार्थ्याच्या सदसद्विवेकावर टाकणे हा संस्थांचा पळपुटेपणा ठरेल. पायरसीला कारण होणारा पहिला निर्णय अभ्यासमंडळाच्या बैठकीत होतो. ज्याची आवृत्ती संपलेली आहे असा ग्रंथ अभ्यासक्रमात नेमला जातो, त्या क्षणी बेकायदा प्रत अटळ होते. मग ती काढणारा हात कोणाचाही असो. ग्रंथ उपलब्ध आहे काय, त्याची किंमत काय, प्रत्येक संलग्न महाविद्यालयात किती प्रती आहेत, ही चौकशी केल्यावाचून ग्रंथ नेमणे हे शैक्षणिक बेजबाबदारीचे लक्षण आहे.

दुर्भिक्ष निर्माण करण्यात शासनही मागे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन व भाषणांचे खंड महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून अल्प किमतीत प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, हे कार्य निःसंशय मोठे. पण मागणी प्रचंड असताना खंडांची छपाई रखडल्याचे व त्यासाठी घेतलेला कागद पडून असल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला आपणहून त्याची दखल घ्यावी लागली. ज्या शहरात १९५० मध्ये आंबेडकरांनी महाविद्यालय उभारले आणि ज्या विद्यापीठाला १९९४ मध्ये त्यांचे नाव मिळाले, तेथील विद्यार्थ्याने त्यांच्या खंडाची छायाप्रत बाळगावी, यात दोष विद्यार्थ्याचा नव्हे.

कायद्याने दिलेली साधने मात्र वापरावाचून पडून आहेत. १९६७ च्या स्टॉकहोम परिषदेत विकसनशील राष्ट्रांसाठी सवलती मिळाव्यात म्हणून भारताने आग्रह धरला. १९७१ च्या पॅरिस तडजोडीतून त्यांतील काही मिळाल्या आणि १९८३ मध्ये त्या भारतीय अधिनियमात आल्या. जो ग्रंथ ठरलेल्या मुदतीत भारतात वाजवी किमतीला उपलब्ध होत नाही, त्याच्या पुनर्मुद्रणाचा परवाना शिक्षणाच्या प्रयोजनासाठी मागता येतो. त्याहून महत्त्वाची तरतूद भाषांतराची आहे: विकसित देशांत सर्वसाधारण वापरात नसलेल्या भाषेत अध्यापन व संशोधनासाठी भाषांतर करावयाचे असेल, तर मूळ ग्रंथाच्या प्रकाशनानंतर एका वर्षाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. मराठी या वर्णनात तंतोतंत बसते. मालकाला मोबदला आणि वाचकाला ग्रंथ, अशी दोन्ही टोके या मार्गाने साधतात. तरीही विद्यापीठे या मार्गाने जाताना दिसत नाहीत. छायाप्रतीकडे काणाडोळा करणे त्याहून स्वस्त पडते.

अलीकडे शासनाने दुसऱ्या दिशेने पाऊल टाकले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपयांची तरतूद असून तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण संस्थांना खुली होतात. उपक्रम स्वागतार्ह आहे. परंतु हा पैसा प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय प्रकाशकांकडे जातो आणि मराठी ग्रंथाची एकही प्रत त्याने वाढत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाचा पहिला अर्थ असा असावयास हवा की, त्या भाषेचे व्याकरण, ध्वनिविचार व कोश यांवरील मूलभूत ग्रंथ तिच्या विद्यार्थ्याला चोरावे लागू नयेत. राज्य मराठी विश्वकोशाचे खंड आणि साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने संगणकावर विनामूल्य मिळतात. हे उदाहरण विद्यापीठांच्या प्रकाशन-विभागांनी गिरवण्यासारखे आहे. संपलेल्या आवृत्तीच्या लेखकाला किंवा त्याच्या वारसांना एकरकमी मोबदला देऊन तो ग्रंथ सर्वांना खुला करणे, हे एका विभागाच्याही आवाक्यातील काम आहे.

दिल्लीच्या निर्णयाने शिक्षणाचे प्रयोजन प्रताधिकाराच्या वर मानले. ही त्याची थोर बाजू कोणत्याही चिकित्सेने कमी होत नाही. परंतु त्याने दिलेली सवलत अध्यापकाला व विद्यार्थ्याला 'अध्यापनाच्या ओघात' दिलेली आहे, आणि ओघ हा शब्द जबाबदारीही सुचवतो. ज्याने ग्रंथ नेमला त्यानेच तो विद्यार्थ्याच्या हाती पोहोचवला पाहिजे. अभ्यासमंडळाने ग्रंथाच्या नावापुढे त्याची उपलब्धता व किंमत नोंदवावी; संपलेला ग्रंथ त्याच्या पुनर्मुद्रणाची तजवीज झाल्याखेरीज नेमू नये; आणि विक्रीस असलेल्या मराठी ग्रंथाच्या पुरेशा प्रती प्रत्येक संलग्न महाविद्यालयाने विकत घ्याव्यात. एवढे झाल्यावर जी छायाप्रत काढली जाईल, तिच्याविषयी विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार विद्यापीठाला प्राप्त होईल. आज तो त्याला नाही.